गेंडा खातोय, माणसं बघतायत

या खेपेला टपालात जनावरांचीच गर्दी झाली. ठरवून पाठवल्यासारखी तीन पत्रं आली, म्हणून देवघरातल्या तसबिरींचे आणि तैलरंग वाळत नाहीत वगैरे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलतो. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय. संपादकांचा दोनदा फोन येऊन गेला, तरी लांबलंच.

प्रश्न : पणजीच्या मळ्यातलं एक जुनं घर रिकामं होत होतं, तिथून आम्ही शिसवी कपाट घेतलं. त्याच्या पाठीमागे एक फ्रेम निघाली. चित्रात पुढे जाड कातडीचं काळसर जनावर गवत खात उभं आहे. मागे लाकडी बाकांवर माणसं. काहींच्या तोंडावर पांढरे मुखवटे, एका बाईचा चेहरा काळ्या गोल मुखवट्याने झाकलेला. डावीकडचा माणूस हात वर करून चाबूक आणि शिंगासारखं काहीतरी दाखवतो आहे. उजवीकडे भिंतीवर परक्या भाषेतला कागद, त्यात १७५१ एवढं वाचता येतं. नातू म्हणतो, रेडा आहे. यजमान म्हणतात, पोर्तुगीजांनी गोव्याहून आपल्या राजाला पाठवलेला गेंडा तो हाच. हे सर्कशीचं चित्र आहे का? जनावर खेळ करताना तर दिसत नाही. दिवाणखान्यात लावण्याजोगं आहे का, आणि किमतीचं आहे का, तेही सांगावं.
(एक वाचक, मडगाव)

उत्तर : ताई, आधी नातवाची बाजू घेतो. गेंडा आपण ओळखतो नाकावरच्या शिंगावरून, आणि या जनावराच्या नाकावर ते नाहीच. मग पोरानं रेडा म्हटलं तर त्याचं काय चुकलं? तुम्ही ‘शिंगासारखं काहीतरी’ लिहिलंय, ते शिंगच आहे, ह्याच जनावराचं. चित्रातला देखावा व्हेनिसचा. तिथं येण्याआधी रोमच्या मुक्कामात ते झडलं. गेंड्याचं शिंग म्हणजे हाड नव्हे, आपल्या नखाच्या जातीची वस्तू, पुन्हा वाढते. पण तिकीट काढून आलेल्या लोकांना वाढेपर्यंत थांबा कसं सांगणार? म्हणून शिंगच हातात धरून दाखवलं.

चित्र पिएत्रो लोंगी या व्हेनिसच्या चित्रकाराचं. भिंतीवरच्या इटालियन कागदाचा मतलब असा : १७५१ साली व्हेनिसला आणलेल्या गेंड्याचं हे खरं चित्र, जोव्हान्नी ग्रिमानी या सरदाराच्या सांगण्यावरून लोंगीच्या हातचं. हा कागद असलेलं मूळ चित्र व्हेनिसच्या का’ रेझ्झोनिको संग्रहालयात आहे. याच प्रसंगाचं लोंगीनंच काढलेलं दुसरं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत. ते मी पाहिलंय. मुलगा इंग्लंडमध्ये स्विंडनला असतो (गोव्याचा अर्धा सासष्टी तालुका तिथंच असतो म्हणा), त्यानं एका शनिवारी नेलं होतं. पुस्तकांत बघून बघून माझ्या डोक्यात ते चित्र भिंतभर झालेलं. बघतो तर जेमतेम दोन फूट उंच, दीड फूट रुंद. ‘एवढंच?’ असं मी मोठ्यानं म्हणालो. मराठीत म्हणालो म्हणून निभावलं.

जनावराचं नाव क्लारा, म्हणजे मादी. (मराठीत तिला गेंडी म्हणावं की गेंडीण, यावरून आमच्या घरी वाद झाला, म्हणून मी क्लाराच म्हणतो.) ती आपल्याकडचीच, एकशिंगी जातीची. १७३८च्या सुमारास शिकाऱ्यांनी तिची आई मारली आणि ते पिल्लू बंगालमधल्या डच कंपनीच्या प्रमुखाच्या घरी वाढलं. घरभर हिंडायचं, पाहुणे जेवायला बसले की पंगतीत यायचं. वाढत गेलं तसं घर पुरेना. मग डौवे मौट नावाच्या डच कप्तानानं ते घेतलं आणि १७४१मध्ये जहाजातून रॉटरडॅमला उतरवलं. वाटेत कातडी सुकू नये म्हणून तिला माशाचं तेल चोळत असत. हे वाचलं तेव्हा मला किनाऱ्यावर उपड्या घातलेल्या होड्याच आठवल्या. त्यांच्या लाकडालाही माशाचंच तेल पाजतात, आणि तो वास चार दिवस कपड्यांतून जात नाही. हॉलंडमध्ये उतरताना क्लाराचा वास कसा येत असेल याची कल्पना गोव्याच्या वाचकांना वेगळी द्यायला नको.

पुढे सतरा वर्षं ती युरोपभर फिरली. आठ घोडे जुंपलेल्या लाकडी गाड्यातून. जाहिरातीत तिचा रोजचा खुराक छापलेला असे : ६० पौंड गवत, २० पौंड पाव, १४ बादल्या पाणी. १७४९मध्ये ती फ्रान्समध्ये होती, तेव्हा जाँ-बाप्तिस्त ऊद्री या चित्रकारानं तिला खऱ्या आकारात रंगवलं. साडेचार मीटर रुंदीचं ते चित्र जर्मनीत श्वेरीनला आहे. १७५८मध्ये लंडनला ती मेली, विशीच्या घरात.

म्हणजे सर्कस नव्हे. रिंगणातली सर्कस लंडनला अ‍ॅस्टली नावाच्या घोडेस्वारानं सुरू केली ती १७६८मध्ये, हे चित्र त्याआधी सतरा वर्षांचं. आणि तुम्हाला जनावर खेळ करताना दिसत नाही, हे तुमचं बघणं अगदी नेमकं आहे. क्लारा काहीच करत नसे. ती असे, एवढाच खेळ. लोक पैसे देऊन तिचं असणं बघून जात.

आता मुखवटे. हे दिवस व्हेनिसच्या कार्निव्हालचे. तुमच्या मडगावातून दरवर्षी मिरवणूक जाते, त्याच सणाचा हा इटालियन भाऊ. तिथं कार्निव्हालात खानदानी माणसंही मुखवट्यानं हिंडत. पांढरा असतो तो बाउता. काळ्या गोल मुखवट्याला म्हणतात मोरेत्ता. त्याला दोरी नसते. आतून एक बटण असतं, ते दातांत धरायचं. म्हणजे मुखवटा चेहऱ्यावर आहे तोवर बाईनं बोलायचं नाही. आमच्या घरी हे सांगितल्यावर स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘कुणा पुरुषानंच शोधला असणार.’

मला या चित्रात सगळ्यांत आवडते ती उलटापालट. सोंगं घेतलेत ती बघणाऱ्यांनी. उघड्या तोंडानं उभी आहे ती क्लारा. दशावतारातली सगळी पात्रं रंगून-सजून ओळीनं बसलीत आणि पुढे मांडावर एक गाय निवांत रवंथ करतेय, असं काहीतरी. आता एक करा. दुपारच्या उजेडात फ्रेम धरा आणि बाकांवरच्या एकेकाची नजर बोटानं पुढे नेत चला. बोट क्लारापर्यंत क्वचितच पोचतं. कुणी बाहेर बघतोय, म्हणजे तुमच्याकडे. कुणी भलतीकडेच. गेंडा बघायला आलेत आणि गेंडा सोडून सगळं बघतायत. क्लाराला कुणाकडेच बघायचं नाही, तिला गवत पुरतं. आणि फ्रेमवरची धूळ पुसलीत की खाली जमिनीवर तिची लीदही दिसेल. एका सरदारानं पैसे मोजून करवलेल्या चित्रात लोंगीनं ती गाळली नाही. ऊद्रीच्या त्या साडेचार मीटरांत क्लारा एखाद्या राणीसारखी उभी आहे, मागे डोंगर, आकाश. चाबूक नाही, बाक नाहीत, तिकीट काढलेलं एकही माणूस नाही. चित्र म्हणून ते मोठंच आहे, पण ती फ्रान्समध्ये कशी काय उभी होती, हे त्यावरून कळत नाही.

यजमानांना सांगा, त्यांचा गेंडाही खरा आहे, पण तो दुसरा, सव्वादोनशे वर्षं आधीचा. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर यानं अफोंसो द आल्बुकेर्क याला दिलेला. आल्बुकेर्कला दीवला किल्ला बांधायची परवानगी हवी होती. ती मिळाली नाही, गेंडा मिळाला. असल्या नजराण्याचं करायचं काय? त्यानं तो राजा मानुएलकडे पाठवला. जानेवारी १५१५मध्ये गोव्याहून निघालेलं जहाज २० मे रोजी लिस्बनला लागलं. जुन्या गोव्याच्या धक्क्यावर आज आपण दिवाडीच्या फेरीबोटीची वाट बघत उभे असतो, त्याच मांडवीच्या पाण्यावर हा ऐवज कधीतरी चढवला गेला असणार. मला तिथं उभं राहिलं की दर वेळी तो आठवतो.

लिस्बनला राजानं त्याची आणि एका हत्तीची झुंज लावली, ३ जूनला, दरबार जमवून. गेंडा जवळ येताच हत्तीनं पळ काढला. पुढे राजानं गेंडा पोपला भेट म्हणून धाडला आणि १५१६च्या सुरुवातीला इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज बुडालं. गेंड्याला पोहता येतं. याला साखळदंड होते.

हा साखळदंड चित्रात आला का, हे बघण्यासारखं आहे. जर्मनीत अल्ब्रेख्त ड्युररनं लिस्बनहून आलेल्या एका रेखाटनावरून आणि वर्णनावरून १५१५मध्ये या गेंड्याचं लाकडी ठशातलं चित्र काढलं. गेंडा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. चिलखत घातल्यासारखी कातडी, मानेच्या मागे एक जादा छोटं शिंग, असा सगळा थाट. याचे ठसे युरोपभर गेले आणि दोन-अडीचशे वर्षं लोक गेंडा म्हणजे असाच असतो असं धरून चालले. त्याच वर्षी आउग्सबुर्गच्या हान्स बुर्कमायरनंही तोच गेंडा काढला. जादा शिंग नाही, चिलखताचा बडेजाव नाही, आणि पुढच्या पायांत बेड्या, स्पष्ट. बुर्कमायरच्या या ठशाची आज एकच प्रत उरलीय, व्हिएन्नाच्या आल्बर्टिनामध्ये. ड्युररचा गेंडा मात्र मगांवर आणि टी-शर्टांवर छापून येतो. बेड्या गाळणाऱ्याचं चित्र चाललं, असं म्हणायचा मोह होतो. पण ड्युररच्या रेघेत जो जोर आहे तो बुर्कमायरच्या गेंड्यात नाही, हेही खरंच.

आणि दुसऱ्याला काय नावं ठेवू? मी सातवीत असताना, म्हणजे गोवा मुक्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील, डिचोलीच्या बाजारात घाटावरून एक दरवेशी अस्वल घेऊन आला. दोन पायांवर उभं राहायचं, सलाम करायचं, काठी खांद्यावर घेऊन ‘सासुरवाडीला’ चालायचं. पोरं भिऊ नयेत म्हणून बायका त्याचे केस ताइतात घालायला विकत घ्यायच्या. दोन आण्याला चार केस, आणि दरवेशी ते उपटून द्यायचा तेव्हा अस्वलाची कातडी त्या जागी थरथरायची. माशी बसल्यावर बैलाची थरथरते तशी. मी घरी येऊन ते अस्वल खडूंनी काढलं. उभं, हात जोडलेलं, मागे बाजार. झकास जमलं होतं. सगळ्यांनी वाहवा केली. आजी चुलीपुढून उठून आली, पदरानं डोळे पुसत चित्र बघितलं आणि म्हणाली, ‘आनी दोरी खंय?’

अस्वलाच्या नाकातून दोरी ओवलेली होती. मी ती पाहिली होती, नाकाशी भिजून काळी पडलेली. पण चित्रात ती आडवी जात होती, तोंडाची रेघ बिघडवत होती, म्हणून गाळली. आजीला सही करता येत नव्हती. पुढे पस्तीस वर्षं मी चित्रकला शिकवली, तिच्याइतकं नेमकं परीक्षण मला कुठल्या परीक्षकानं ऐकवलं नाही.

आता तुमच्या फ्रेमचं. चित्रावर भिंग धरा. रंगांच्या जागी बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्रावर छापलेलं चित्र. विकायला गेलात तर चौकटीचेच पैसे येतील, आणि मला वाटतं तसंच निघेल. ठिपके न दिसता रेघाच दिसल्या आणि कागदाच्या कडेनं दाब पडल्याची चौकोनी खूण लागली, तर मात्र फ्रेमवाल्याच्या हाती देण्याआधी मला कळवा. लावा जरूर. पण पश्चिमेच्या भिंतीवर नको, आपल्याकडे पावसाळ्यात ती पाझरते. फ्रेमच्या मागे चारही कोपऱ्यांना बाटलीच्या बुचाचे काप चिकटवा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत वारा खेळेल. मागचा जुना पुठ्ठा काढून टाका, कसर त्यातच राहते. आणि काच चित्राला टेकलेली असली तर मधे कागदी माउंट घालून घ्या. टेकली की जूनमध्ये दोन्ही एकमेकांना चिकटतात, आणि सोडवताना रंग काचेबरोबर जातो. माझ्या लग्नातला फोटो असाच गेला. अर्धा.

प्रश्न : सर, शाळेत स्मरणचित्राला ‘सर्कस’ हा विषय आला होता. मी सर्कस कधी पाहिली नाही, म्हणून वाघ, हत्ती आणि रिंगमास्टर काढला. बाई म्हणाल्या, आता सर्कशीत वाघ नसतात, गुण कापते. हे बरोबर आहे का? आणि एवढे प्रेक्षक काढायचे कसे? माझा वेळ त्यातच संपला.
(इयत्ता नववी, सांखळी)

उत्तर : बाईंची माहिती बरोबर आहे. वाघ, सिंह, बिबट्या, अस्वल आणि माकड यांना खेळांत वापरायला केंद्र सरकारनं १९९८च्या अधिसूचनेनं बंदी घातली, २००१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. हत्तींवरही पुढे निर्बंध आले. म्हणजे वाघ तंबूतून गेला तेव्हा तुझा जन्मही झालेला नव्हता. गुण मात्र मी कापले नसते. स्मरणचित्रात स्मरण हवं हे खरं, पण जे कधी पाहिलंच नाही त्याचा विषय देणाऱ्याचेही थोडे गुण कापायला हवेत. (हे बाईंना वाचून दाखवू नकोस.)

घोडा काढला असतास तर सगळेच सुटले असते. त्या यादीत घोडा नाही, आणि सर्कशीचं मूळही घोड्यातच आहे. आपल्याकडची पहिली सर्कस १८८०मध्ये उभी करणारे विष्णुपंत छत्रे मुळात घोडे शिकवणारेच. जॉर्ज स्यूरा या फ्रेंच चित्रकाराचं ‘सर्कस’ नावाचं चित्र वाचनालयातल्या पुस्तकात शोध. पांढरा घोडा धावतोय, त्याच्या पाठीवर एका पायावर मुलगी, मागे चाबूकवाला, अगदी पुढे आपल्याकडे पाठ करून विदूषक. रिंगणातलं सगळं वाकडं, गोल, उसळणारं. आणि प्रेक्षक? फळ्यांवर मांडलेल्या बरण्यांसारखे, आडव्या ओळींत, ताठ. खाली पुढच्या बाकांवर उंच हॅटवाले, वर माडीवर साध्या टोप्यांचे, कठड्यावर रेललेले. कुणाकडे किती पैसे, हे टोपीवरून कळतं. वेळ संपण्याचं म्हणशील तर स्यूराचाही संपला. १८९१च्या मार्चमध्ये हे चित्र पुरं न होताच प्रदर्शनात लागलं आणि त्याच महिन्यात तो गेला, एकतिसाव्या वर्षी.

तुझ्यासाठी त्यातलं उचलण्याजोगं एवढंच की प्रेक्षकांचे चेहरे काढायचे नाहीत. आधी बाकांच्या तिरक्या पट्ट्या, त्यावर एका फिक्या तपकिरी रंगानं सलग पट्टा. तो ओला असतानाच जाड ब्रशच्या टोकानं डोकी टेकवत जा, जवळ-लांब, कुठं एक जागा रिकामी. पुढच्या ओळीतल्या तिघांना मात्र नीट काढ : एकाच्या खांद्यावर पोर, एक चणे खाणारा, एक मागे वळून कुणाला तरी हाक मारणारा. परीक्षक त्या तिघांवरून सगळी गर्दी खरी धरतो. मी धरत असे.

आणि ‘गावातला उत्सव’ असा विषय आला तर सांखळीला राहून वाघ-हत्तीकडे जाऊ नकोस. शिगम्यात तुमच्या बाजूला आणि सत्तरीत घोडेमोडणी होते. कमरेला लाकडी घोड्याचं तोंड बांधलेला, हातात तलवार, डोक्यावर फुलांचा साज, ढोल-ताशांवर पुढे-मागे होणारा माणूस. वरून घोडेस्वार, खालून नाचणारे माणसाचेच दोन पाय. ते पाय नीट काढ, झुलीखाली लपवून टाकू नकोस.

प्रश्न : माझ्या आजोबांनी काढलेलं धिरयोचं जलरंगातलं चित्र घरात आहे, फोटो सोबत पाठवला आहे. मुलगी म्हणते, बैलांच्या झुंजीवर बंदी आहे, हे भिंतीवर शोभत नाही. काय करावं?
(एक वाचक, बाणावली)

उत्तर : १९९६मध्ये उच्च न्यायालयानं बंद केल्या त्या धिरयो, त्यांची चित्रं नव्हेत. मुलीला झुंज आवडत नसेल तर तिचं बरोबरच आहे, मलाही आवडत नाही. एकदा पाहिली, बैलाच्या कानामागून रक्त आलं तेव्हा शेजारचा माणूस पैजेचे पैसे मोजत होता. तरी चित्र भिंतीवरून उतरवू नका. आजोबांचा हात चांगला होता. कापणी झालेल्या शेताचा पिवळा रंग त्यांनी एका धुवणीत उतरवलाय, ते सोपं नाही. बैल मात्र घाईत काढलेत, चारही शिंगं एकसारखी. त्यांचा जीव रमलाय तो बांधावरच्या माणसांत : छत्री बगलेत धरलेला, माडाला टेकलेला, पोराचे डोळे हातानं झाकणारी ती बाई.

गर्दीत अगदी डावीकडे, माडाच्या सावलीत, टोपी घातलेला एक जण खाली मान घालून बसलाय. त्याच्या मांडीवर काहीतरी पांढरं आहे. फोटोत नीट कळत नाही, पण मला ती कागद लावलेली फळी वाटते. भिंग घेऊन बघा आणि मला कळवा, आजोबा टोपी घालायचे का?